नावडे फाट्यावर मांडलेला हिशेब

4 कोटी 96 लाख.

हा आकडा एकदा मोठ्याने म्हणून बघा. 2021 सालातल्या कुठल्याही एका दिवशी जगात एवढी माणसं आपल्या मर्जीची मालक नव्हती. कुणाला धाकाने, कुणाला कर्जाने, कुणाला फसवून कामाला जुंपलेलं. कुणाचं जबरदस्तीने लग्न लावून दिलेलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटना, स्थलांतराचं काम पाहणारी आंतरराष्ट्रीय संघटना आणि वॉक फ्री या तिघांनी मिळून 2022 मध्ये हा अंदाज जाहीर केला. तो कसा काढला, किती देशांत किती घरांची दारं ठोठावली, हे त्या शास्त्रातल्या जाणकारांवर सोपवू. आपण फक्त आकडा उचलायचा आणि नावडे फाट्यावर आणून ठेवायचा.

नावडेच का? कारण मापं घ्यायला याहून सोयीची जागा सापडणार नाही. एका अंगाला तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला कळंबोली, दिवा-पनवेल मार्गावर नावडे रोड स्टेशन, जुनं गावठाण आणि त्याला लागून सिडकोचे नवे सेक्टर. रोज कुठून कुठून माणसं कामाच्या शोधात इथे उतरतात. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग शेजारच्या कळंबोलीतून सुटतो, लोकल पनवेलला मिळते, अटल सेतू आणि नवा विमानतळही जवळच. सगळ्या मोजपट्ट्या हाताशी आहेत.

चला, रांग लावू. माणशी एक मीटर. कळंबोलीहून सुरुवात, खंडाळ्याचा घाट चढून किवळ्याला शेवट. द्रुतगती मार्ग 94.5 किलोमीटरचा, म्हणून पहिल्या रांगेत 94,500 माणसं उभी राहिली. आकडा हललासुद्धा नाही. दुसरी रांग लावा. दहावी लावा, साडेनऊ लाख झाले. शंभरावी लावा, अजून एक कोटीसुद्धा पुरे झाले नाहीत. अशा 525 रांगा लागतात! रस्ता सहा पदरी आहे खरा, पण खांद्याला खांदा भिडवून उभं केलं तरी त्यावर पन्नास-साठ रांगाच मावतील. उरलेल्या माणसांसाठी शेजारी-शेजारी आणखी आठ-नऊ द्रुतगती मार्ग बांधायला घ्या.

नको एवढ्या रांगा. एकच लावू. ती 49,600 किलोमीटर लांब होते. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर 40,075 किलोमीटर. आख्ख्या पृथ्वीला वेढा घालून रांगेची नऊ हजार किलोमीटरची शेपटी उरतेच.

किंवा असं बघा. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या 1 कोटी 24 लाख होती. चार मुंबई भरतात. कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंतचं प्रत्येक घर, प्रत्येक चाळ, प्रत्येक टॉवर, आणि हे सगळं चार वेळा. जगातल्या साधारण दीडशे माणसांमागे एक, असं हे प्रमाण पडतं. संध्याकाळच्या गर्दीच्या लोकलमध्ये साडेचार हजार माणसं कोंबलेली धरली, तर त्या एका गाडीच्या वाट्याला तीस येतात.

या गर्दीतली 33 लाख मुलं आहेत, सक्तीच्या मजुरीला लावलेली. त्यांना शाळेच्या सहलीसारखं लाल एसटीत बसवा. गाडीत 44 जागा धरल्या तर 75,000 गाड्या लागतील. एसटीच्या आख्ख्या ताफ्यात पंधरा हजारांच्या आसपास गाड्या आहेत. महाराष्ट्रातल्या सगळ्या आगारांतल्या सगळ्या गाड्या भरून निघाल्या, पोचल्या, रिकाम्या होऊन परतल्या, पुन्हा भरल्या... पाच वेळा.

आता पैसा. इथे तर डोकं गरगरायला लागतं.

2024 मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने हिशेब मांडला की सक्तीच्या मजुरीतून आणि देहविक्रीच्या बाजारातून वर्षाला 236 अब्ज डॉलरचा बेकायदा नफा होतो. उलाढाल नव्हे हो, नफा! डॉलर 83 रुपयांना धरला तर साडेएकोणीस लाख कोटी रुपये. हा आकडा नुसता वाचला तर डोळ्यांपुढे काहीच येत नाही, तेव्हा त्याच्या पाचशेच्या नोटा करू. साधारण 3,900 कोटी नोटा होतात. पाचशेची नोट 150 मिलिमीटर लांब. एकापुढे एक नोटा अंथरत चला. मुंबई ते पुणे रेल्वेने 192 किलोमीटर आहे, तिथे तर पट्टी सुरू होता होताच संपते. असं अंतर तीस हजार वेळा अंथरून होईल. चंद्राकडे वळू. 3 लाख 84 हजार किलोमीटर. पट्टी चंद्रावर पोचते, परत येते, पुन्हा जाते. सात वेळा जाऊन सात वेळा परत येते, आठव्यांदा चंद्र गाठते, आणि तरी लाखावर किलोमीटर नोटा हातात उरतात.

एखाद्या शेतकऱ्याला चंद्राचं काय? त्याला विहिरीत सांगा. वीस फूट रुंद, पस्तीस फूट खोल अशी गोल बांधीव विहीर घ्या. त्यात या नोटा दाबून भरा, मध्ये फट ठेवू नका. एक भरली, दहा भरल्या, पन्नास भरल्या. सव्वाशे विहिरी काठोकाठ भरतात, दर वर्षी.

आता घड्याळ लावू. दर सेकंदाला 6 लाख 20 हजार रुपये. डेक्कन क्वीन संध्याकाळी मुंबईहून सुटते आणि सव्वातीन तासांनी पुण्याला लागते. तेवढ्यात सव्वासातशे कोटी जमा झालेले असतात. अटल सेतूला 17,840 कोटी खर्च आला. या धंद्याला तेवढा नफा काढायला 80 तास पुरतात, सोमवारी सकाळी मोजायला बसलात तर गुरुवारी दुपारी पूल वसूल. नवी मुंबई विमानतळाच्या पहिल्या टप्प्याला 19,650 कोटी लागले, त्याला 88 तास. वर्षभराच्या नफ्यातून अटल सेतूसारखे 110 पूल उभे राहतील. एकाची लांबी 21.8 किलोमीटर. एकाला एक जोडत नेले तर शिवडीहून निघालेला पूल अरबी समुद्र ओलांडून दुबईला पोचतो आणि पुढे चारशे किलोमीटर वाळवंटात घुसतो.

खाजगी मालकांनी सक्तीने कामाला लावलेल्यांत देहविक्रीत ढकललेल्यांचं प्रमाण सव्वीस-सत्तावीस टक्के. नफ्यातला त्यांचा वाटा मात्र 73 टक्के. एका व्यक्तीमागे वर्षाला 27,252 डॉलर, साडेबावीस लाख रुपयांच्या आसपास. दिवसाला सहा हजार दोनशे. तिच्या हाताला त्यातलं काय लागतं ते विचारू नका.

या 3,900 कोटी नोटांच्या शेजारी आता दुसऱ्या टोकाचा एक आकडा ठेवतो. 2022 च्या सप्टेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातलं प्रकरण बाहेर आलं. कातकरी वाडीवरची लहान मुलं मेंढ्या राखायला दिली गेली होती. आईबापांना मिळालं काय? कुठे पाचशे रुपये, कुठे काही हजार, वर एखादं मेंढरू. त्यांतली एक मुलगी मरण पावली, तेव्हा हे बाहेर पडलं. खरेदी एका नोटेत आणि विक्री सव्वाशे विहिरींत, असा हा व्यापार आहे. रायगड जिल्ह्यात, नावड्याच्या आसपासच्या डोंगरांतही कातकऱ्यांच्या वाड्या आहेत. दिवाळी झाली की उचल घेऊन वीटभट्टीवर जायचं, आणि उचल फिटेपर्यंत तिथून हलायचं नाही, ही रीत या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

वेठबिगारीवर बंदी घालणारा कायदा 1976 चा. 1978 पासून गेल्या पंचेचाळीसेक वर्षांत देशात 3 लाख 15 हजारांवर वेठबिगार सोडवले गेले, असं सरकारी नोंद सांगते. 2016 मध्ये केंद्र सरकारने उद्दिष्ट ठेवलं की 2030 पर्यंत 1 कोटी 84 लाख वेठबिगारांची ओळख पटवून त्यांना मुक्त करायचं आणि त्यांचं पुनर्वसन करायचं. वर्षाला सात हजार हा आजवरचा वेग. या वेगाने 1 कोटी 84 लाखांना किती वर्षं? सव्वीसशे! उलटे मोजत गेलात तर सातवाहन मागे पडतात, सम्राट अशोक मागे पडतो, आणि गौतम बुद्धाचा जन्म व्हायचा असतो.

बरं, आपल्याकडच्या पोलीस ठाण्यांत किती नोंदलं जातं? 2022 मध्ये देशभरात मानवी तस्करीचे 2,250 गुन्हे. पीडित 6,036, त्यांतली 2,878 मुलं. दिवसाला सहा गुन्हे, एवढ्या मोठ्या देशात! हा आकडा लहान आहे म्हणून कुणाला हायसं वाटत असेल तर त्याने शेजारचं पान उलटावं. त्याच वर्षी 83,350 मुलं हरवल्याची नोंद झाली, त्यांतल्या 62,946 मुली. दर सव्वासहा मिनिटांना एक मूल. चारांत तीन मुली. त्या वर्षात आधी हरवलेलीही धरून 80,561 मुलं सापडली, हेही तिथेच लिहिलं आहे आणि त्याचं मोल आहेच. 2023 मध्ये मुलांविरुद्धचे गुन्हे 1,77,335 वर गेले. दर तीन मिनिटांना एक. इथपर्यंत वाचेतो दोन झाले असतील.

रेल्वेचा हिशेब मला सगळ्यांत जवळचा वाटतो, कारण तो डोळ्यांना दिसतो. रेल्वे सुरक्षा दलाच्या 'नन्हे फरिश्ते' मोहिमेत 2018 पासून मे 2024 पर्यंत 84,119 मुलं स्टेशनांवर आणि गाड्यांत सापडली आणि वाचली. घरातून पळालेली, चुकलेली, कुणाच्या तरी बोटाला धरून निघालेली. बारा डब्यांच्या लोकलमध्ये बसायच्या जागा 1,170 च्या आसपास. 72 लोकल भरतात, प्रत्येक जागेवर एक मूल, उभं कुणी नाही. त्या 72 गाड्या एकामागे एक रुळावर उभ्या केल्या तर अठरा किलोमीटर होतात. पनवेलहून निघालेली रांग खांदेश्वर, मानसरोवर, खारघर, बेलापूर, नेरूळ करत सानपाड्याच्या आसपास संपते. रोजची सरासरी 36 मुलं. दर चाळीस मिनिटांनी कुठल्या तरी फलाटावर कुणाच्या तरी लक्षात येतं की हे पोर एकटं आहे.

आणि फसतं ते लहान पोरच, असंही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने 2023 मध्ये सांगितलं की म्यानमारमध्ये किमान 1 लाख 20 हजार आणि कंबोडियात लाखभर माणसांना डांबून त्यांच्याकडून ऑनलाइन फसवणुकीची कामं करून घेतली जात आहेत. सहा वानखेडे स्टेडियम खच्चून भरतात आणि सातवं अर्ध्यावर. यांत कितीतरी शिकलेले, इंग्रजी बोलणारे, संगणक येणारे तरुण आहेत. मार्च 2025 मध्ये भारताने दोन दिवसांत 549 जणांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणलं, पहिल्या दिवशी 283, दुसऱ्या दिवशी 266. महाराष्ट्राचेही होते. त्यांना बोलावलं होतं थायलंडमध्ये चांगल्या पगाराच्या नोकरीसाठी.

इथवर सगळे आकडे एका बाजूचे झाले. आता दुसऱ्या बाजूचे मांडू. तेही काही लहान नाहीत.

1996 मध्ये मुंबईत, टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांनी मुलांसाठी एक फोन सुरू केला, 1098. रस्त्यावरच्या मुलाला पाठ होईल असा, फुकट लागणारा. तो क्रमांक पुढे देशभर गेला, आज 112 शी जोडला गेला आहे. त्याआधी 1986 मध्ये प्रीती आणि प्रवीण पाटकर यांनी 'प्रेरणा' सुरू केली होती आणि 1988 मध्ये कामाठीपुऱ्यात रात्रीचं पाळणाघर उघडलं, आई धंद्यावर असताना मुलांना झोपायला जागा हवी म्हणून. जगातलं अशा तऱ्हेचं पहिलं. नावड्यापासून जवळच, खारघरमध्ये 1984 पासून तरुणांमध्ये आणि वस्त्यांमध्ये काम करणाऱ्या 'युवा' संस्थेचं केंद्र आहे. मार्च 2022 पासून महाराष्ट्रातल्या शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती नेमायची आहे. बदलापूरच्या शाळेतल्या ऑगस्ट 2024 च्या अत्याचाराच्या घटनेनंतर ती किती ठिकाणी कागदावरच होती हे सगळ्यांना कळलं.

पण प्रत्येक शाळेत जाऊन मुलांना सावध करायचं तर माणसं मोठ्या संख्येने लागणार, ती आणायची कुठून? महाराष्ट्रात लाखाहून अधिक शाळा आहेत. एका कार्यकर्तीने रोज दोन शाळा गाठायच्या ठरवल्या, वर्षाचे दोनशे दिवस न चुकता, तर तिला 270 वर्षं लागतील. नानासाहेब पेशव्यांच्या काळात निघाली असती तर आता कुठे शेवटच्या शाळेत पोचली असती. पगारी माणसं नेमून हे होणार नाही, हे पहिल्याच गुणाकारात कळतं.

म्हणून एक भागाकार करू.

राष्ट्रीय सेवा योजना, आपली एनएसएस, 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात. 37 विद्यापीठं, 40,000 विद्यार्थी. आज स्वयंसेवक 40 लाखांच्या घरात आहेत, बरोबर शंभर पट! प्रत्येकाने वर्षाला 120 तास काम करायचं, शिवाय सात दिवसांचं श्रमसंस्कार शिबिर. चाळीस लाख गुणिले 120, 48 कोटी तास. त्याची वर्षं करा. 54,800 वर्षं! एका माणसाने एवढं काम करायचं तर त्याला अश्मयुगात, गुहेत राहत असतानाच सुरुवात करावी लागली असती आणि रात्रीही झोपता आलं नसतं. आपली कॉलेजची पोरं हे दर वर्षी, बारा महिन्यांत उरकतात. वनराई बंधारे घालतात, झाडं लावतात, पथनाट्यं करतात, स्टेशनं झाडतात.

आता देशातल्या शाळा घ्या, 14 लाख 72 हजार. स्वयंसेवक 40 लाख. प्रत्येक शाळेला अडीचाहून जास्त स्वयंसेवक येतात. देशातले शाळकरी विद्यार्थी घ्या, 24 कोटी 80 लाख. भागिले 40 लाख.

बासष्ट.

पृथ्वीला वेढा घालणारी रांग, चंद्रावर आठ वेळा पोचणारी नोटांची पट्टी, सव्वीसशे वर्षं, सगळं मोजून झाल्यावर एका तरुणाच्या वाट्याला येतात 62 मुलं. एक वर्ग! तळोज्यातल्या किंवा नावड्यातल्या कुठल्याही शाळेतला, तिघांच्या बाकावर चार पोरं दाटीने बसलेला एक वर्ग. आणि 120 तासांतला एक तास. उरलेल्या 119 तासांत बंधारे घालाच.

हा भागाकार कागदावरचा आहे, कबूल. सगळे स्वयंसेवक सगळीकडे सारखे पसरलेले नाहीत. शिवाय वर्गात उभं राहून मोबाइलवरचं वाचून दाखवणारा स्वयंसेवक माझ्या मते नसलेलाच बरा. पुन्हा त्या शाळेत दिसणारा, नाव लक्षात ठेवणारा, आणि मुलाने काही सांगितलं तर पुढे कुणाकडे न्यायचं ते माहीत असलेला हवा. कारण 2007 मध्ये केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत 12,447 मुलांशी बोलून एक पाहणी केली. 53.22 टक्के मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं. हे प्रमाण त्या 62 च्या वर्गाला लावा. 33 मुलं. अत्याचार करणाऱ्यांतले निम्मे ओळखीचे, विश्वासातले. त्या वर्गात 'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नका' एवढंच सांगून परतणाऱ्याने तासातला अर्धा भाग वाया घालवला. ओळखीच्या काकाने सांगितलं, 'घरी बोलू नकोस', तर तेच घरी बोलायचं, हे सांगायला हवं. दहावी-बारावीच्या वर्गात आणखी थोडं. मुंबईत मॉडेलिंग, परदेशात डेटा एंट्री, हुंडा न घेणारं दूरच्या राज्यातलं स्थळ, आगाऊ उचल. कंपनीचं नाव काय, पत्ता काय, तिथे आधी गेलेल्या एकाचा तरी फोन लागतो का, आधार कार्ड आणि पासपोर्ट कुणाच्या हातात राहणार. एवढे प्रश्न विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत.

एनएसएसच्या एका युनिटमध्ये साधारण शंभर स्वयंसेवक असतात. एका कॉलेजचं एक युनिट, एक तास, 6,200 मुलं. पनवेल परिसरात कॉलेजांची वानवा नाही.

मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही पोलिसांना न कळवणं हा 2012 च्या पॉक्सो कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. हे शिक्षकाला लागू आहे, शेजाऱ्याला लागू आहे, तुम्हाला-मला लागू आहे. मुलांसाठी 1098, तातडीसाठी 112, रेल्वेत 139. तिन्ही चोवीस तास. आणि तुमच्या घरातलं कुणी एनएसएसमध्ये असेल तर त्याला आजच विचारा, यंदाच्या 120 तासांतला तो एक तास कुठल्या शाळेत ठरला आहे.